मंडपाचा उरलेला तुकडा

प्रिय मोठे बाबा,

काल दुपारी मंडपाचा बारावा खांब ट्रकवर चढला आणि रिसालीच्या रस्त्याला लागला. मी शेवटपर्यंत तिथे उभी होते. घरी येऊन मोठ्या आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "त्यायले कळव."

"कसं कळवू?"

"कॉलेजात एवढी वर्षं शिकवून राहिली होती, अन् मले विचारते?"

म्हणून हे पत्र. आयुष्यभर मी मुलांना हिंदी शिकवली. तुम्हाला मात्र मराठीतच लिहायला हवं. आपल्या घराच्या दाराआत दुसरी भाषा तुम्ही येऊ कुठे दिली?

तुम्हाला लांबण लावलेलं आवडत नसे, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. तुकडा मी देऊन टाकला. घाबरू नका. पुढे वाचा.

मंडपाची कहाणी तुमच्याइतकी कोणाला येत नव्हती. दिल्लीत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, देशोदेशीचे मंडप उभे होते, त्यातला हा एक. कोणत्या देशाचा, ते तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. एकदा हंगेरी, एकदा पोलंड. मी अडवलं की म्हणायचात, "रशियाचा नव्हता एवढं पक्कं. रशियाचा असता तर दुप्पट जाड राहिला असता."

आत काय मांडलं होतं, तेही बदलायचं. कधी शिलाई मशीन, कधी काचेची भांडी. एकदा तर तुम्ही जिवंत गाय सांगितली होती. प्रदर्शन संपलं तेव्हा त्या लोकांनी मंडप परत नेण्याचा कंटाळा केला आणि पोलादाच्या गावाला भेट देऊन टाकला. एवढं मात्र कधी बदललं नाही.

बारा खांब. प्रत्येक खांब खाली एक आणि वर जाऊन त्याचे दोन हात, गुलेरीच्या बेचक्यासारखे. त्या चोवीस हातांवर छप्पर. सगळं उकलून, तुकड्यातुकड्यावर नंबर टाकून, मालगाडीच्या डब्यांतून भिलाईला आलं. उभं करायचं काम तुमच्या गँगला मिळालं. तुम्ही खलाशांचे चार्जमन होतात. खलाशी म्हटलं की बाहेरच्या लोकांना जहाज आठवतं. आपल्याकडे जड लोखंड दोरानं आणि कप्पीनं उचलून जागेवर बसवतो तो खलाशी. गँगमध्ये मराठी तुम्ही एकटे. बाकीचे सगळे आजूबाजूच्या खेड्यांतले, आणि त्यांच्यात तुमचे उजवे हात बिसाहू काका.

मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा मंडप उभा राहून दोन-तीन वर्षं झाली होती. माझे बाबा, तुमचे धाकटे भाऊ, रेल्वेत, दुर्गच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर. तिथे चौथीच्या पुढे शाळा नव्हती. तुम्ही मला घ्यायला आलात. घरी जाताना सायकल आधी मंडपाकडे वळवलीत. मला भूक लागली होती. तुम्ही म्हणालात, "पाह्य, हे म्या उभं केलं." मी पाहिलं. मग विचारलं, "जेवायला केव्हा जायचं?"

तुम्ही ही गोष्ट माझ्या लग्नातही सांगितलीत.

आता तुकड्याकडे येते.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला टेकून तो उभा असे. लोखंडाचा, तुमच्या उंचीचा, दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं. मी त्याला कपड्यांच्या दोरीचा खांब समजत होते. पण दोरी तुम्ही त्याला कधी बांधू दिली नाही. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तुमचा पाना, हातोडी, दोराची गुंडाळी पाटावर मांडली जायची. पाट भरला की तुम्ही अंगणात जाऊन तुकड्याला आंघोळ घालायचात, रेड ऑक्साइडच्या तांबड्या रंगाचा एक हात द्यायचात आणि वाळल्यावर कुंकू लावायचात. पाटावर मात्र तो कधी आला नाही. मी विचारलं होतं, "हा काय आहे?" तुम्ही म्हणालात, "पाहुणा आहे."

मग मंडपातला तो कोपरा. आग्नेयेचा. सातवा खांब.

मंडपात काय झालं नाही? मराठी मंडळाचा गणपती, तेलुगू लोकांची नाटकं, बंगाल्यांची पूजा, पोरींच्या शिलाईचे वर्ग, सगळ्यांची लग्नं. आणि प्रत्येक कार्यक्रमाला सातव्या खांबाजवळ एक खुर्ची, तिच्यावर तुम्ही, डावा हात खांबावर. मुलं त्या बाजूला धावली की तुम्ही ओरडायचात. वरातीचा नाच त्या कोपऱ्याकडे सरकला की तुम्ही उठून हात आडवे करायचात. नागपूरहून आलेल्या एका वरबापाशी तुमचं चांगलंच वाजलं होतं.

"आमची वरात, आम्ही कुठंही नाचू."

"कुठंही नाचा. इथं नका नाचू."

"इथं काय देव बसून राहिला?"

"मी बसून राहिलो."

लोक हसले. तुम्हीही हसलात. मी तेव्हा अकरावीत होते. मला तुमची लाज वाटली होती. हे तुम्हाला आज सांगते आहे.

उन्हाळ्यात अंधड उठलं की सगळं गाव घराकडे पळायचं आणि तुम्ही सायकल काढून उलट्या दिशेनं जायचात. मोठी आई खिडक्या लावत म्हणायची, "निघाले." तुम्ही परत यायचात तेव्हा डोक्यात, भुवयांत, मिशांत धूळ. पण चेहरा मोकळा. "उभा आहे," एवढंच बोलायचात. आम्हाला वाटायचं, आपल्या कामाचा अभिमान आहे.

भीती आहे, असं आमच्यापैकी कोणाला का वाटलं नाही?

तुम्ही सांगितलंत ते फार उशिरा. रिटायर होऊन रिसालीत घर बांधलं होतं. क्वार्टर सोडताना ट्रकवर पहिली वस्तू चढली ती तुकडा. कपाट नंतर. नव्या घरी कढीपत्त्याच्या झाडाखाली दोन विटांवर तुम्ही तो आडवा ठेवलात, आणि त्याचा बाक झाला. शेवटच्या वर्षात तुम्ही सकाळभर त्यावर बसायचात. तिथेच मला बोलावलंत.

"सुलू, तुले एक सांगतो. मोठीले सांगू नको."

"काय?"

"हा तुकडा मंडपाचा आहे. उरला."

"म्हणजे?"

"सगळा मंडप उभा झाला, अन् हा उरला. कुठं लागते ते समजलं नाही."

मी हसले. मोठे बाबा, मी हसले, आणि तुम्ही हसला नाहीत. अकरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण तेवढं एक माझ्या मनातून जात नाही. तुम्ही थांबलात, माझं हसणं संपू दिलंत, आणि मग उरलेलं सांगितलंत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यार्डात सफाई करताना तो पॅकिंगच्या गवताच्या पेंढ्यांखाली सापडला. बाकी प्रत्येक तुकड्यावर नंबर होता, ह्याच्यावर नव्हता. टोकांना लाल पट्टे तेवढे होते. नंबर खरवडला गेला असेल, असं तुम्ही ठरवलंत.

"मग सांगितलं काउन नाही कोणाले?" मी विचारलं.

"कोणाले सांगतो? दुसऱ्या दिवशी मंत्री येऊन राहिला होता. हार आणून ठेवले होते. बँडवाले पोशाख इस्त्री करून राहिले होते. त्यात म्या जाऊन म्हणतो का, के साहेब, एक पीस बच गया?"

"नंतर?"

"नंतर म्हटलं असतं तर विचारलं असतं, तेव्हा काउन नाही बोलला."

मग सातव्या खांबाचं सांगितलंत. दुसऱ्या उन्हाळ्यापासून त्यातून आवाज येऊ लागला. दुपारी ऊन तापलं की एक 'कट्'. संध्याकाळी निवलं की पुन्हा एक. बाकीचे अकरा गप्प. साफसफाईच्या नावानं तुम्ही किती वेळा वर चढलात. काही दिसलं नाही. तुमचा हिशोब सरळ होता. तुकडा इथलाच आहे, तो नाही म्हणून खांब बोलतो, आणि एक दिवस तो बोलायचा थांबेल. म्हणून खुर्ची. म्हणून खांबावर हात.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मी आहे तोवर मी बसतो. मंग तू पाहून घे."

पाहून घे! सोपं होतं का हे? तुम्ही निघून गेलात आणि मी दर गणपतीत त्याच खुर्चीवर जाऊन बसू लागले. लोकांना वाटलं, तुमच्या आठवणीनं बसते.

यंदा रस्ता रुंद व्हायचं ठरलं. मंडप मधे येत होता. तो पुन्हा उकलायचा आणि रिसालीत नेऊन वाचनालयासाठी उभा करायचा, असं निघालं. जुन्या रहिवाशांना बोलावून माहिती दिली. काम बघायला श्रुती नावाची एक इंजिनियर आली आहे. वय सत्तावीस-अठ्ठावीस, आवाज बारीक, हेल्मेट मोठं. ती म्हणाली, "स्ट्रक्चर पूरा है तो शिफ्ट करेंगे. एक भी पीस कम निकला तो रिस्क नहीं लेंगे. वहीं काटकर स्क्रैप."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली.

घरी आले आणि बाकावर बसले. मग उठून उभी राहिले. काय करायचं होतं मी? तुकडा दाखवला तर मंडप इतकी वर्षं अपुरा उभा होता हे उघड होणार, तो जागेवर कापला जाणार, आणि कापला कशामुळे, हे सगळ्या भिलाईला कळणार. नाही दाखवला तर तो रिसालीत तसाच, एक तुकडा कमी असा, उभा राहणार. खाली पोरं अभ्यासाला बसणार. त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसायला माझ्यानंतर कोण?

तीन दिवस मी बाकाभोवती फेऱ्या घालत होते. चौथ्या दिवशी मोठी आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुकड्याचं करून राहिली काय विचार?"

मी पेला खाली ठेवला.

"तुला माहीत आहे?"

"मले पयल्या दिवसापासून माहीत आहे. भर दुपारी सायकलले बांधून आणला त्यायनं. कोणी बाजारातून दोडके आणल्यासारखा गर्डर आणते काय घरी?"

"मग विचारलं नाही कधी?"

"विचारलं असतं तर सांगा लागलं असतं त्यायले."

मोठे बाबा, मोठीला सांगू नको म्हणालात ना? ती इतकी वर्षं तुम्हाला सांगत नव्हती की तिला माहीत आहे. एका छताखाली दोघांनी एकच गुपित एकमेकांपासून लपवलं. विश्वकर्मा पूजेला तुम्ही ऑक्साइड लावण्याआधी तो घासून ठेवायचं कोण? तुम्हाला वाटायचं, तो स्वच्छच असतो?

तिनं पोळी तव्यावर टाकली. "नेऊन दे."

"मंडप कापतील."

"कापू दे. लोकं बसतात खाली."

"अन् मोठ्या बाबांचं नाव?"

"त्यायचं नाव कुठं लिवलं आहे तिथं? पाटीवर तर मंत्र्याचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ई-रिक्षा बोलावली. तुकडा आडवा बसेना, म्हणून एक टोक माझ्या पायाशी आणि दुसरं बाहेर. रिक्षावाला दोनदा मागे वळला. "मैडम, कबाड़ी वाला उधर नहीं बैठता."

"मालूम है."

"तो ये जा कहाँ रहा है?"

"घर," मी म्हणाले. तो पुन्हा समोर बघू लागला.

मंडपाचं छप्पर तोवर उतरलं होतं. बारा खांब उघड्यावर होते, हात वर. मी तिथे पोचले तेव्हा पहिला खांब उचलायची खटपट चालू होती आणि ती जमत नव्हती. क्रेनचे पट्टे दोन्ही हातांना बांधले होते. क्रेननं ताण दिला की पट्टे हातांना एकमेकांकडे ओढायचे. हात वाकतील म्हणून देवांगन मिस्त्री ओरडायचे, "रोक, रोक!" ते नव्या टोळीचे मुकादम. पन्नाशीचे, तोंडात काडी. श्रुती खाली उभी राहून वर बघत होती. मधे आडवं काहीतरी घालायला हवं होतं. वर्कशॉपला मोजमाप गेलं होतं, पण दोन दिवस झाले, वस्तू आली नव्हती.

मी रिक्षेतून उतरले. एका कामगारानं तुकडा उतरवायला हात लावला. मी श्रुतीला म्हणाले, "ये इसी का है. हमारे घर में था. जब खड़ा किया, तब बच गया था." एका दमात. घरून हिंदीत घोकून आले होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "बच गया था?" तिनं विचारलं. "कितने साल से?"

मी सांगितलं.

तिनं हेल्मेट काढलं. मला वाटलं, झालं. मोठे बाबा, मी त्या वेळी खांबांकडे नव्हते बघत. तुमच्या खुर्चीच्या जागेकडे बघत होते. फरशीवर तिच्या पायांचे चार गोल अजून आहेत.

देवांगन मिस्त्री मात्र तुकड्याजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी टेप काढला. लांबी घेतली. मग टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर. मग पुन्हा लांबी. काडी तोंडाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली.

"मैडम," ते श्रुतीला म्हणाले, "वर्कशॉप को फोन करके मना कर दो."

"क्यों?"

"अम्मा ले आई हैं."

प्रत्येक हाताच्या टोकाला आतल्या बाजूनं दोन बोल्ट होते, आठवतात? तुम्ही म्हणायचात, शोभेचे. विलायती लोकांना शोभा लागते. मिस्त्रींनी माणूस वर चढवला आणि ते काढायला लावले. त्यांच्यामागे रिकामी भोकं. तुकडा दोरानं वर गेला, दोन हातांच्या मधे आडवा धरला, आणि चारही बोल्ट हातानं फिरले. पाना लागला नाही.

क्रेननं ताण दिला. हात जागचे हलले नाहीत. खांब जमिनीवरून वीतभर सुटला, मग हातभर, आणि सरळ वर गेला.

श्रुती हसायला लागली. तिनं मला खाली बसवून समजावलं, जसं मी पोरांना संधी-समास समजवायची. हा तुकडा मंडपात लागतच नव्हता. तो खांब उचलताना लावायचा, जागेवर बसला की काढायचा, मग पुढच्या खांबाला लावायचा. बारा खांबांना मिळून एक. म्हणून त्याला नंबर नव्हता. टोकांचे लाल पट्टे त्यासाठीच होते, की हा काढून घ्या, इथे राहू देऊ नका.

"खड़े रहने के लिए नहीं है ये, आंटी. उठाने के लिए है."

तुम्ही पहिल्याच विश्वकर्मा पूजेला त्या पट्ट्यांवर रेड ऑक्साइड लावून टाकलंत. एखाद्या इंजिनियरला घरी चहाला बोलावलं असतंत तर? पण चहाला आलेल्या माणसाला तुम्ही मोरीकडे जाऊ देत नव्हता. मी तुम्हाला दोष देत नाही. थोडा देते.

म्हणजे कमी काहीच नव्हतं. इतकी अंधडं, इतक्या सायकलफेऱ्या, तो वरबाप. मंडप पहिल्या दिवसापासून पूर्ण होता. तुम्ही तो नीट उभा केला होता.

मग माझ्या मनात आलं, सातवा खांब का बोलायचा?

त्याची पाळी पाच दिवसांनी आली. मी रोज जात होते. डबा घेऊन. देवांगन मिस्त्री म्हणायचे, "अम्मा की हाज़िरी लगाओ." तुकडा एकेक खांब उचलत होता. सातव्याजवळ आले तेव्हा वर चढलेला माणूस हाताच्या टोकाशी थांबला. छपराची तुळई जिथे टेकायची, त्या फटीत काही अडकलं होतं. त्यानं हातोडी मारली. एक वस्तू माझ्यापासून चार पावलांवर पडली.

लाकडाची पाचर. मुठीएवढी. काळी पडलेली, पण टणक. एका बाजूला दोराचा वळ.

"साल की लकड़ी है," मिस्त्री म्हणाले. "हमारी तो नहीं है."

मी घरी येऊन बिसाहू काकांना फोन लावला. ते नंदिनी नगरच्या पलीकडे, गावी असतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाज तोच. मी पाचरीचं वर्णन करू लागले. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"ए तो हमर पच्चर आय!" आपलीच पाचर ती, म्हणाले.

मग सांगितलं. खांब उचलताना हात जवळ येतात, हे तुमच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. तुम्ही विचारलं नाही, पेंढ्यांत शोधलं नाही. यार्डातून सालाच्या झाडाचा एक वासा आणवलात, दोन हातांमधे आडवा बसवलात, ढिला पडू नये म्हणून पाचर ठोकलीत, दोरानं आवळलंत. बारा वेळा. सातव्या खांबाला संध्याकाळ झाली होती, घाई झाली, वासा निघाला आणि पाचर वर राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तुळई बसली.

"तोर बड़े बाबू दूसर पच्चर बना लिस," काका म्हणाले. "कहिस, साल के कमी नइ हे." तुझ्या मोठ्या बाबानं दुसरी पाचर करून घेतली, म्हणाला, सालाला काय तोटा.

आठवतं? हे तुम्ही विसरलात? उरलेला तुकडा आयुष्यभर लक्षात ठेवलात आणि स्वतः ठोकलेली पाचर विसरलात! त्या लोकांनी परदेशातून एक खास वस्तू पाठवली होती, आणि तुम्हाला तिची गरज पडली नाही म्हणून ती उरली. एवढंच झालं होतं. आणि दुपारी उन्हात बोलायची ती तुमची पाचर. तुळई तापून तिच्यावर सरकायची, कट्. निवली की परत, कट्. खांबात काही कमी नव्हतं. एक वस्तू जास्त होती.

मोठ्या आईला सांगितलं तेव्हा ती खूप वेळ हसली. डोळे पुसले. मग म्हणाली, "हे त्यायले आयकाले पाहिजे होतं." पुन्हा हसली. पण या वेळी कमी.

श्रुतीनं तुकडा ठेवून घेतला आहे. रिसालीत खांब उतरवताना तोच लागेल. काम झालं की तो वाचनालयातच राहणार, दाराशी, भिंतीवर दोन खुंट्यांवर. पुन्हा कधी मंडप हलवायची वेळ आली तर कोणाला शोधावं लागू नये. ती त्याला पत्र्याची एक चिठ्ठी बांधणार आहे. मला मजकूर विचारला. आम्ही दोघींनी मिळून केला: 'खांब उचलताना लावणे. नंतर काढून ठेवणे. उरला तर घाबरू नये.' शेवटची ओळ माझी. ती म्हणाली, हे ऑफिशियल नाही. मी म्हणाले, राहू दे. तिनं राहू दिलं.

"जिन्होंने सँभालकर रखा, उनका नाम डालूँ?" तिनं विचारलं.

मी मोठ्या आईचं ऐकून सांगितलं, "खलाशी गँग लिखो."

पाचर मात्र मी मागून घेतली. ती आता देव्हाऱ्याशेजारी आहे. मोठी आई म्हणते, देव्हाऱ्यात नको, अजून तिनं काही कमावलं नाही.

कढीपत्त्याखाली दोन विटा तशाच आहेत. आज सकाळी मी सवयीनं बसायला गेले आणि पडता पडता वाचले. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असता. हसून घ्या. माझ्या त्या हसण्याची फेड समजा.

तर आता कबूल करते ते ऐका. येत्या विश्वकर्मा पूजेला पाचर पाटावर मांडीन, तुमच्या पान्याशेजारी, मधोमध. तिला कुंकू लावीन. रेड ऑक्साइड लावणार नाही. आणि वाचनालयाचं उद्घाटन होईल त्या दिवशी, मंत्री येवो न येवो, मोठ्या आईला घेऊन मी आग्नेयेच्या कोपऱ्यात जाईन. तिचे गुडघे दुखतात, म्हणून खुर्ची नेईन, पण ती टेकायला. खुर्ची सातव्या खांबापासून लांब ठेवीन. बँड असेल तर बँडवर, नसेल तर टाळ्यांवर, खांबाजवळच नाचीन. मोठी आई बसल्या बसल्या हात हलवणार आहे. तिनं तसं सांगितलं आहे.

तुम्ही हात आडवे करायला नसाल. आता नसलात तरी चालेल.

तुमची
सुलू

ता. क. वाचनालयात शिलाई मशीनही ठेवणार आहेत, मुलींच्या वर्गासाठी. म्हणजे निदान ते तरी तुम्ही खरं सांगत होतात, असं लोकांना सांगता येईल. गाईचं काय करायचं, ते तुम्हीच कळवा.